कोळी, नादकाटा आणि अल्-जाहिज

रायगडात ‘कोळी’ म्हटलं की आधी मासेमार आठवतो, आठ पायांचा कोळी नंतर. पण कुंडलिकेच्या काठावर गळ टाकून बसलेला माणूस पाहा. डोळे कुठेही असोत, दोरी बोटावर असते आणि मासा लागला की बोटाला आधी कळतं. जाळ्यातला कोळीही असाच जगतो. त्याची नजर अगदीच कमजोर, सगळा कारभार पायांवर.

अरबीत कोळ्याला अन्कबूत म्हणतात, उर्दूत मकडी. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिजने ‘किताब अल्-हयवान’ या प्राण्यांवरच्या ग्रंथात कोळ्यांबद्दल बरंच लिहिलं. जाळं न विणता चित्त्यासारखी झेप घेऊन माशी पकडणारा कोळी त्याने बारकाईने पाहिला होता. त्याने त्याचे डोळे मोजले सहा; असतात आठ. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हे सगळं आपल्या लोकांनी हजार वर्षांपूर्वीच शोधलं’ असे संदेश फिरतात, तेव्हा मला जाहिजची काळजी वाटते. त्याने जे पाहिलं तेच पुष्कळ आहे. कंपनांचा शोध त्याच्या नावावर चढवला, तर त्याचं खरं निरीक्षण कोणी वाचणारच नाही.

कंपनांची गोष्ट १८८०ची. सी. व्ही. बॉइज हा पंचविशीतला इंग्रज. त्याने वाजता नादकाटा (उर्दूत दोशाखा) बागेतल्या कोळ्याच्या जाळ्याला टेकवला. मध्यभागी बसलेला कोळी गर्रकन वळला, पुढच्या पायांनी कोणता धागा थरथरतोय ते चाचपलं आणि त्याच धाग्यावरून थेट काट्यापर्यंत पोहोचला. माशी समजून त्याने काट्याला मिठीच मारली. पुन्हा वाजवला, पुन्हा तेच. अनुभवातून तो काही शिकेना. मग बॉइजने मेलेली, पॅराफिनमध्ये बुडवलेली माशी जाळ्यात ठेवली. कोळी तिला सोडून निघाला की काटा माशीला लावायचा. असं करत करत कोळ्याने ती बरीचशी खाल्ली! चवीपेक्षा थरथरीवर त्याचा विश्वास जास्त. मात्र काटा जाळ्याला न लावता नुसता जवळ आणला, तर निवांत बसलेला कोळी धागा सोडत खाली टपकायचा. हवेतून आलेला आवाज म्हणजे शत्रू, धाग्यातून आलेला म्हणजे जेवण.

हे कळतं कशाने, ते विसाव्या शतकात उलगडलं. कोळ्याच्या पायाच्या कडक कवचात बारीक चिरा असतात. पायाला हलकासा ताण पडला की चीर किंचित दबते आणि मज्जातंतूला खबर जाते. मध्य अमेरिकेतल्या एका कोळ्याच्या अंगावर अशा तीन हजारांहून जास्त चिरा फ्रीडरिश बार्थ यांच्या अभ्यासात आढळल्या. त्या कोळ्याचे नर-मादी केळीसारख्या झाडांवर राहतात आणि झाडातूनच कंपनांनी एकमेकांना निरोप धाडतात. कीटकांत चिरा नसतात. झुरळाच्या गुडघ्याखाली यासाठी वेगळं इंद्रिय असतं. म्हणून चप्पल उचलायच्या आत ते पसार.

भारतातल्या कोळ्यांची मोठी नोंद पोकॉकने १९००मध्ये केली. पुढे प्राणी सर्वेक्षणाच्या बी. के. टिकादरांनी ते काम नेटाने चालवलं. त्यांचं भारतीय कोळ्यांवरचं इंग्रजी हस्तपुस्तक १९८७चं. मराठीत किंवा उर्दूत त्याच्या तोडीचं पुस्तक माझ्या वर्गाच्या कपाटात तरी नाही.

आम्हा धाटावकरांना यात आणखी एक रस असायला हवा. वाऱ्याने हलणारं जाळं कोळी मनावर घेत नाही; ती थरथर संथ असते. पण एमआयडीसीतली यंत्रं आणि रस्त्यावरचे टँकर यांची घरघर वेगळी. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५मध्ये दाखवलं की गोंगाटात ठेवलेले शहरी कोळी कंपनं दाबणारं जाळं विणतात, खेड्यातले मात्र काही कंपनं जास्त टिकवून धरणारं. म्हणजे कोळी गोंगाट नुसता सोसत नाही, त्याप्रमाणे विणकाम बदलतो.

पाऊस ओसरला की कुंपणाकुंपणावर जाळी दिसतील. शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा तेव्हा जरूर मागून घ्या. जाळ्याच्या कडेला अगदी हलका टेकवा, धागा तुटू देऊ नका.