तेरा पाहुणी मुले

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतील आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट या गावी सरकारी अनाथाश्रम होता. तेथे दोन तान्ह्या मुली आणल्या गेल्या. एक १३ महिन्यांची, दुसरी १६ महिन्यांची. दोघीही किडकिडीत, निपचित पडून राहणाऱ्या. राज्याचे मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड स्कील्स यांनी त्यांची चाचणी घेतली. पहिलीची प्रगती जेमतेम सहा महिन्यांच्या बाळाएवढी भरली. त्या काळच्या पद्धतीने सहाला तेराने भागून शंभराने गुणायचे, की बुद्ध्यंक मिळतो : ४६. दुसरीचा त्याहूनही कमी, ३५. अशा मुलांना कोणी दत्तक घेत नसे. तेव्हा त्यांची रवानगी वुडवर्ड येथील संस्थेत झाली. अशा संस्थांना त्या काळी ‘दुर्बळ मनाच्यांसाठी’ असे सरळ म्हटले जाई. लहान मुलांसाठी वेगळी सोय नव्हती, म्हणून दोघींना प्रौढ बायकांच्या वॉर्डात ठेवले. या बायकांचे वय १८ ते ५०, मानसिक वय ५ ते ९ वर्षे.

सहा महिन्यांनी स्कील्स दुसऱ्या कामासाठी वुडवर्डला गेले, तेव्हा त्यांना दोन हसऱ्या, वॉर्डभर दुडुदुडु धावणाऱ्या मुली दिसल्या. या त्याच मुली यावर त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा चाचणी घेतली. बुद्ध्यंक आले ७७ आणि ८७. त्यापुढेही दोघींची प्रगती होत राहिली.

कोणते औषध दिले होते? कोणतेच नाही. वॉर्डातील बायकांनी त्यांना कडेवर घेतले होते, खेळवले होते, त्यांच्याशी बोलल्या होत्या. प्रत्येकीला एक हक्काची ‘आई’ आणि पुष्कळ मावश्या मिळाल्या होत्या. अनाथाश्रमात याच्या नेमके उलट होते. तेथे बाळाच्या खाटेच्या कडांना चादरी लावलेल्या असत, म्हणजे बाळाला छत तेवढे दिसे. दोन वर्षांचे झाल्यावर त्याला तीस-पस्तीस मुलांच्या घरात टाकत. सांभाळायला एक मेट्रन आणि हाताखाली तीन-चार अर्धवट वयाच्या मुली.

स्कील्स यांनी मग धाडस केले. अनाथाश्रमातील तीन वर्षांखालील, मागे पडलेली आणखी मुले त्यांनी प्रौढ बायकांच्या संस्थांत ‘पाहुणे’ म्हणून धाडली. नाव आश्रमाच्या पटावरच ठेवायचे, राहायला मात्र तिकडे. पहिल्या दोघींसह ही एकूण १३ मुले. त्यांचा सरासरी बुद्ध्यंक होता ६४. तो सुमारे साडेसत्तावीसने वाढला. नंतर स्कील्स यांनी आश्रमाचे जुने कागद चाळून तुलनेसाठी १२ मुले निवडली. ही आश्रमातच राहिली होती. सुरुवातीला त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८७च्या आसपास होता, म्हणजे ती पाहुण्या मुलांपेक्षा बरीच पुढे होती. तो घसरून ६०वर आला. १९३९ साली स्कील्स आणि ग्लेनवुड संस्थेचे प्रमुख हॅरॉल्ड डाय यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

त्यांचे स्वागत झाले ते टीकेने. बुद्धी वारशाने मिळते आणि जन्मभर तेवढीच राहते, असे मानणाऱ्यांचा तो काळ. या मताचे सर्वांत वजनदार पुरस्कर्ते होते स्टॅनफर्डचे लुईस टर्मन. त्यांचे सहकारी क्विन मॅकनेमार यांनी आयोवाच्या आकडेमोडीवर कडक टीका केली. ती सगळीच चुकीची होती असे नाही. मुले थोडी होती, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, आणि एवढ्या लहान वयातील चाचण्या भरवशाच्या नसतात. परंतु टीकाकारांचा खरा राग आकडेमोडीवर नसावा. वॉर्डातील बायकांनी अंकांचा मान ठेवला नाही यावर असावा! पुढे युद्ध आले, स्कील्स सैन्यात गेले आणि विषय मागे पडला.

सुमारे वीस वर्षांनी स्कील्स यांनी त्या पंचविसांचा शोध घेतला आणि सर्वांचा छडा लावला. १९६६ साली अहवाल आला. तेरांपैकी अकरा दत्तक गेली होती. सगळीच्या सगळी आपापल्या पायांवर किंवा संसारात उभी होती आणि निम्म्यांनी तरी बारावीपर्यंत शिक्षण घेतले होते. बारांच्या गटातील शिक्षण मात्र तिसरीच्या आसपास थांबलेले. एक संस्थेतच किशोरवयात वारला, चारजण अजूनही संस्थांत होते. अपवाद एकच. त्या मुलाला थोडे कमी ऐकू येई म्हणून त्याला कर्णबधिरांच्या शाळेत धाडले, आणि तेथील मेट्रनने त्याला जीव लावला. तो पुढे छापखान्यात खिळे जुळवू लागला, घरसंसाराला लागला. राज्याच्या तिजोरीतून झालेला खर्चही स्कील्स यांनी मांडला. तेरांवर सुमारे ३०,७०० डॉलर, बारांवर सुमारे १,३८,५०० डॉलर. दोन वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांना आणि मेरी स्कोडाक यांना केनेडी प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. तो ज्याच्या हातून दिला गेला, तो या तेरांपैकीच एक होता.

एव्हाना वारे बदलले होते. १९६५ च्या उन्हाळ्यात गरीब घरांतील पाच लाखांहून अधिक मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ बालवाड्या सुरू झाल्या. प्रवेशाची अट होती घरचे उत्पन्न. मूल गरीब असूनही बोलायला किंवा चालायला मागे असेल तर बालवाडी त्याला घेईलच असे नव्हते. १९७२ च्या दुरुस्तीने किमान दहा टक्के जागा अपंग मुलांना देणे बंधनकारक झाले. १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

येथे एक अडचण उभी राहिली, आणि ती आपल्या वर्गातही रोज दिसते. हक्क मिळवायचा तर मुलावर नाव हवे : मतिमंद, कर्णबधिर, असे काहीतरी. दोन वर्षांच्या मुलाला असे नाव कोण देणार? डॉक्टर म्हणतात थांबा, आजी म्हणते उशिरा बोलणारी मुले हुशार निघतात, आणि त्यात दोन वर्षे जातात.

१९८६ च्या कायद्याने यातून वाट काढली. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘विकासातील विलंब’ एवढेही पुरेसे मानले गेले. हालचाल, भाषा, आकलन, भावना व वागणूक, स्वतःचे स्वतः करणे यांपैकी एका क्षेत्रात मूल ठरावीक प्रमाणात मागे असले, की निदानाची वाट न पाहता मदत. किती मागे, हे मात्र राज्यांवर सोपवले. समजा २४ महिन्यांचे मूल १८ महिन्यांच्या मुलासारखे बोलते, म्हणजे विलंब २५ टक्के. काही राज्यांत एवढ्याने ते पात्र ठरते. जेथे ५० टक्क्यांची अट आहे तेथे तेच मूल ‘ठीक’ असते. राज्याची हद्द ओलांडली की विलंब नाहीसा होतो! १९९७ मध्ये राज्यांना हाच शब्द नऊ वर्षे वयापर्यंत वापरण्याची मुभा मिळाली. आपल्याकडेही तो आला आहे. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतःचे दोष, जीवनसत्त्वादींची कमतरता आणि आजार यांच्या जोडीला विकासातील विलंब हा चौथा गट आहे.

पण १९८६ च्या कायद्याने मिळतात त्या ‘सेवा’. म्हणजे आठवड्यातून काही तास वाचातज्ज्ञ किंवा व्यायामतज्ज्ञ. उरलेला दिवस मुलाला कोणी सांभाळायचे? आईवडील दोघे कामावर जाणार तर पाळणाघर हवे, आणि पाळणाघर अशा मुलाला घ्यायला नाखूश. बहुधा आईची नोकरी सुटते. गंमत अशी, की स्कील्स यांच्या तेरा मुलांना कोणी सेवा दिलीच नव्हती. त्यांना सांभाळले होते. कायद्याने उपचार आणि सांभाळ हे दोन वेगळे दरवाजे केले.

दुसरा दरवाजा १९९० साली थोडा उघडला. त्या वर्षी अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा झाला. त्यामुळे केवळ अपंगत्वाच्या कारणाने मूल नाकारणे पाळणाघरांना बेकायदेशीर ठरले. त्याच वर्षी कमी उत्पन्नाच्या कामकरी घरांना पाळणाघराच्या खर्चासाठी केंद्राचा निधी सुरू झाला आणि ‘विशेष गरजा’ असलेल्या मुलांना त्यात अग्रक्रम देण्यात आला. वयाची मर्यादा साधारण तेरा वर्षांखाली. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मुलांसाठी ती एकोणीसच्या आतपर्यंत वाढवण्याची राज्यांना मुभा. ‘विशेष गरजा’ कशाला म्हणायचे हे पुन्हा राज्यांनीच ठरवायचे. एखादे राज्य अपंगत्वाचे प्रमाणपत्र मागते, तर एखाद्याला पहिल्या दरवाजातला विकासविलंबाचा कागद चालतो. काही राज्ये अशा मुलामागे पाळणाघराला जास्त दर देतात. ते योग्यच आहे, कारण त्याला लागणारे हात जास्त असतात.

२०१४ साली या निधीच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. अपंग मुलांसाठी जागा वाढवण्याची योजना राज्यांनी आखावी, विकासाच्या तपासणीची माहिती पालकांना द्यावी, आणि एकदा पात्र ठरलेल्या मुलाची मदत किमान बारा महिने टिकावी असे ठरले. या शेवटच्या कलमाचे मोल पालकांना विचारावे. त्याआधी आईची नोकरी सुटली किंवा पगार थोडा वाढला, की मधेच मदत जाण्याची भीती असे आणि मुलाच्या ओळखीची झालेली बाई सुटे. निधी मात्र सगळ्या पात्र मुलांना पुरेल एवढा कधीच नव्हता. त्यामुळे अनेक राज्यांत प्रतीक्षायाद्या असतात, आणि दोन वर्षांच्या मुलाचे नाव यादीत असताना त्याचे वय काही थांबत नाही.