टेनेसी विरुद्ध गार्नर
पळून जाणाऱ्या संशयितावर पोलिसांनी गोळी केव्हा झाडावी, याची मर्यादा आखणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (२७ मार्च १९८५). ३ ऑक्टोबर १९७४ च्या रात्री मेम्फिस शहरात घरफोडीची खबर आली. त्या घराच्या परसातील सुमारे सहा फूट उंच जाळीच्या कुंपणापाशी एडवर्ड गार्नर हा कृष्णवर्णीय मुलगा बसलेला होता. विजेरीच्या उजेडात तपासाला आलेल्या पोलिसाला त्याचा चेहरा व हात दिसले. शस्त्र दिसले नाही. ‘थांब’ म्हणताच तो कुंपणावर चढू लागला आणि पोलिसाची गोळी त्याच्या डोक्यात मागून शिरली. वय पंधरा. जवळ एक पर्स व दहा डॉलर सापडले.

पळणाऱ्यावर अशी गोळी झाडणे टेनेसीच्या कायद्याला मान्य होते. त्यामागचा इंग्रजी नियम ज्या काळी गंभीर गुन्ह्यांना सर्रास फाशी होई त्या काळातला. शिक्षा सौम्य झाल्या, नियम मात्र तसाच राहिला. गार्नरच्या वडिलांनी न्यायालयात दाद मागितली. न्या. बायरन व्हाइट यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले, की गोळी झाडणे ही घटनेच्या चौथ्या दुरुस्तीखालील व्यक्तीची ‘जप्ती’च होय आणि पळणाऱ्यापासून मृत्यूचा वा गंभीर इजेचा धोका असल्याचे सबळ कारण नसेल, तर प्राणघातक बळ वापरता येणार नाही.

निकालाचा आधार वंशभेद नव्हता, हे त्याचे वैगुण्यच म्हणावे लागेल. ‘धोका’ कोणाला कोणात दिसतो, हा प्रश्न तसाच राहिला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१५ ते २०२४ या काळात ठेवलेल्या नोंदींत लोकसंख्येच्या प्रमाणात पोलिसांच्या गोळीने मेलेले कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते.