'दास' नावाचे जहाज आणि आपली पुस्तके

टायटॅनिक बुडाल्यानंतर दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये अमेरिकेत 'मेडिना' हे मालवाहू जहाज बांधले गेले. १९७७ मध्ये ऑपरेशन मोबिलायझेशन या ख्रिस्ती संस्थेने ते घेऊन 'डुलोस' असे नाव दिले. २००९ पर्यंत ते बंदरोबंदरी पुस्तके विकत फिरले. लोक जहाज बघायला चढत आणि पुस्तक घेऊन उतरत. चालवणारे होते अनेक देशांचे बिनपगारी स्वयंसेवक.

डुलोस हा ग्रीक शब्द. अर्थ दास. स्वतःला दास म्हणवून घेण्याची हौस ज्याला दास्य जन्माने मिळाले नाही त्यालाच परवडते! आपल्या पूर्वजांना कोणी विचारले नव्हते. तरी एवढे मान्य करू की त्या जहाजावर इंजिनरूम आणि भांडीधुणी कोणाच्या जातीला बांधलेली नव्हती. भारतातल्या चर्चबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. धर्म बदलूनही अस्पृश्य ख्रिश्चनांची जात सुटली नाही, याचा जाब बाबासाहेबांनी मिशनऱ्यांना विचारला होता.

म्हणून त्यांचा धर्मप्रचार आम्हाला नको, पण पुस्तक घेऊन माणसापर्यंत जाण्याची चिकाटी हवी. आपले स्टॉल ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लागतात, गर्दीही होते. उरलेले वर्षभर वस्तीतल्या पोरांपर्यंत ती पुस्तके कोण नेणार?