नदीचं माहेरचं नाव

शिमोग्याजवळ कूडलीला तुंगा आणि भद्रा भेटतात. पुढे दोघींची मिळून तुंगभद्रा. एकीनेही नाव सोडलं नाही! आमच्याकडची, पाचजणींची मिळून झालेली पंचगंगा मात्र नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते आणि तिथून पुढे सगळे तिला कृष्णाच म्हणतात. लग्नात माझंही नाव बदललं, म्हणून हे मनाला लागतं.

पण तुंगभद्रेचंही एक जुनं नाव होतं, पंपा. कन्नडात जुन्या 'प'चा 'ह' झाला आणि त्या नावावरून काठच्या गावाला हंपी म्हणू लागले. नदीच्या अंगावरचं नाव गेलं, गावाने ते सांभाळलं. माझ्या माहेरच्या गल्लीतही मला अजून जुन्याच नावाने हाक मारतात. मैत्रिणींनो, तुमचं नाव कुणी सांभाळलंय?