ज्ञानकोशातील भांडणे आणि त्यांचा निवाडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. लातूर-नांदेड भागातील चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना ती पहाट अजून आठवते. तरीही या भूकंपात नेमकी किती माणसे दगावली, असा प्रश्न लोह्याच्या एखाद्या शाळेत विद्यार्थ्याने विचारला, तर शिक्षकाला एकच एक उत्तर देता येत नाही. शासकीय कागदपत्रांत ७,९२८ हा आकडा येतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या यादीत ९,७४८ आहे. वृत्तपत्रे तर सर्रास 'सुमारे दहा हजार' असे लिहितात.

ज्ञानकोशात यांपैकी कोणता आकडा घालायचा? छापील कोशाच्या काळात या प्रश्नाचे उत्तर सोपे होते : संपादक ठरवील तो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, त्यांत अखेरचा शब्द केतकरांचा होता. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश सिद्ध होऊ लागला आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड निघाला. तेथे नोंदीखाली लेखकाचे नाव असते, म्हणजे जबाबदारी कोणाची हे कळते. वाचकाला मजकूर पटला नाही, तर तो वाईला पत्र लिहू शकत असे. छापलेला खंड मात्र तसाच राही.

१५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठी. या कोशाला प्रमुख संपादकच नाही. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, अशी त्याची रचना आहे. साहजिकच एक स्वयंसेवक ७,९२८ लिहितो, दुसरा ते खोडून ९,७४८ करतो, पहिला पुन्हा आपला आकडा बसवतो. याला तेथे 'संपादन युद्ध' म्हणतात. सुरुवातीच्या काळात चिघळलेली भांडणे संस्थापक जिमी वेल्स यांच्यापर्यंत जात. पसारा वाढल्यावर ते अशक्य झाले. २००३ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियावर लवाद समिती नेमण्यात आली. पुढच्याच वर्षी एक नियम आला : एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे संपादन उलटवायचे नाही.

येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ही लवाद समिती खरे काय आणि खोटे काय याचा निवाडा करीत नाही. कोण कसे वागले, एवढेच ती पाहते. किल्लारीच्या मृतांचा आकडा कोणता, हे ती कधीच सांगणार नाही. ते काम लेखाच्या मागे असलेल्या चर्चापानावरच, भांडणाऱ्यांनी व मध्ये पडणाऱ्यांनी मिळून करायचे असते.

मराठी विकिपीडियावर सर्वांनी मिळून बोलण्याच्या जागेला 'चावडी' असे नाव आहे. नाव सहज सुचले असेल, पण ते अगदी चपखल बसले आहे. मराठेशाहीत पाटीलकीसारख्या वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. दोन्ही पक्षांकडून आधी 'राजीनामा' लिहून घेत. या शब्दाचा तेव्हाचा अर्थ नोकरी सोडण्याचा नव्हे, तर 'सभा जो निर्णय देईल त्यास आम्ही राजी आहोत' असा होता. मग जामीन घेत, प्रत्येकाची तकरीर, म्हणजे कैफियत, लिहून घेत, जुने कागद तपासत, शेजारपाजारच्या जाणत्यांना विचारत. निर्णयाचा महजर तयार होई आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगराची. हरलेल्या पक्षाला 'यजितखत', म्हणजे हार मान्य असल्याचा कागद, द्यावा लागे. ही व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणणार नाही. सभेत बसण्याचा मान कोणाला आणि दाराबाहेर कोण उभे, हे जन्मावरून ठरत असे. परंतु कोण काय बोलले याची नोंद मागे राही, हा तिचा गुण मोठा होता. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाचा 'इतिहास' हा याच जातीचा महजर आहे.

फरक आहे तो पुराव्यात. गोतसभेत 'मी या गावचा, मला ठाऊक आहे' या साक्षीला फार वजन होते. विकिपीडियावर तिला काहीच किंमत नाही. समजा, एखाद्याने भूकंपात उद्ध्वस्त झालेले सास्तूर हे गाव लोहारा तालुक्याऐवजी लोहा तालुक्यात टाकले. नावे इतकी सारखी की ही चूक कोणाच्याही हातून व्हावी. लोह्याचे शिक्षक म्हणतील, "अहो, मी जन्मभर इथे राहतो. सास्तूर आमच्या तालुक्यात नाही, तिकडे धाराशिव जिल्ह्यात आहे." त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. तरीही समोरचा विचारील, "छापील आधार?" जनगणनेची जिल्हा पुस्तिका दाखवली की वाद मिटतो. पण गावच्या बारवेचे जुने नाव, एखाद्या दिंडीची सुरुवात, रझाकारांच्या काळात गावावर ओढवलेला प्रसंग अशा गोष्टी कोणत्या पुस्तिकेत मिळणार? ज्या प्रदेशाविषयी कमी छापले गेले, त्याच्यावर हा नियम अन्याय करतो, असे माझे मत आहे. तरी तो सोडता येईल असेही मला वाटत नाही, कारण पडद्याआड बसलेला माणूस खरोखर लोह्याचा आहे की नाही, हे कोणालाच कळत नाही.

आता किल्लारीकडे परत येऊ. मृतांचे आकडे वेगळे आहेत, तर दोन्ही द्यावेत आणि कोणता कोणाचा ते लिहावे. सरासरी काढू नये. भूकंपाचे मान कोठे ६.२, तर कोठे ६.४ छापलेले आढळते. यावर दोघे हमरीतुमरीवर आले, तर तो वाद फुकाचा आहे. एका मोजपट्टीत भूकंपलहरींच्या आंदोलनाची उंची मोजतात, तर दुसरीत खडक किती क्षेत्रावर आणि किती सरकला यावरून मान काढतात. मोजपट्टीचे नाव लिहिले की भांडण संपते. खरा कस लागतो तो कारणाबाबत. निम्न तेरणा जलाशयातील पाण्याचा या भूकंपाशी संबंध असावा, असे काही अभ्यासकांनी मांडले, तर इतरांना ते पटले नाही. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना सारख्याच ओळी देणे म्हणजे तटस्थता नव्हे. कोणत्या मतामागे किती पुरावा आहे, त्या प्रमाणात जागा द्यावी लागते आणि ते प्रमाण ठरवताना पुन्हा वाद होतो. माझ्या क्षेत्रातील शोधनिबंधांचे परीक्षणही याहून वेगळे नसते, फक्त ते बंद दाराआड चालते.

कधीकधी मतदानही होते. पोलंडमधील ग्दान्स्क शहराला जर्मन नाव डान्झिग. कोणते वापरावे यावर इंग्रजी विकिपीडियावर इतके रण माजले की २००५ मध्ये मते घेतली गेली. १३०८ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना डान्झिग आणि त्याच्या आधी व नंतर ग्दान्स्क, असे ठरले. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद यांची नावे बदलल्यावर जुन्या घटना लिहिताना आपल्यापुढेही हाच पेच आहे.

गोतसभेत मिटले नाही तर तंटा दिवाणात जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी विकिपीडियातील मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली. म्हणजे वाद चर्चापानावरून सरकारदरबारी गेला. तेथे पुराव्याचे नियम वेगळे आणि भीतीही वेगळी. मराठी विकिपीडियाची अडचण बहुधा उलटी असते. नियमित लिहिणारे हात मोजके असल्याने पुष्कळ लेखांवर भांडायला दुसरा माणूसच येत नाही, आणि पहिल्याने लिहिलेली चूक वर्षानुवर्षे निवांत पडून राहते.

वर्गात एक तास काढून हे करून पाहता येईल. आपल्या तालुक्यावरचा लेख उघडावा आणि त्याच्या 'इतिहास पहा' या कळीवर जावे. कोणते वाक्य केव्हा आले, कोणी बदलले आणि बदलताना कारण दिले की नाही, हे मुलांना वहीत उतरवू द्यावे. मग लेखातला एखादा आकडा निवडून त्याचा आधार शाळेच्या ग्रंथालयात किंवा तहसील कचेरीत शोधायला त्यांना दोन-दोनच्या जोड्यांनी पाठवावे. दोन जोड्या दोन वेगळे आकडे घेऊन परतल्या, तर दुसऱ्या दिवशीचा तास त्यालाच द्यावा.