सायलेन्सरच्या पट्टीची कुळकथा

सुटे भाग जमवून हौसेने उभ्या केलेल्या गाडीत पहिला त्रास होतो तो पायांना. इंजिन आणि चालक यांच्यामध्ये एक पातळ पत्रा, खालून सायलेन्सरचा पाइप. मे महिन्यात अंधेरीच्या सिग्नलला गाडी अडकली की तळ तापतो आणि चपलेतूनही चटका जाणवतो. पेट्रोल इंजिनाचा धूर मॅनिफोल्डपाशी ७००-८०० अंश सेल्सियसपर्यंत तापलेला असू शकतो. ही धग अडवायला पाइपावर जी पट्टी गुंडाळतात, तिचं कूळ मोटारीपेक्षा कितीतरी जुनं आहे. त्यातली एक पिढी तर थेट घाटकोपरची.

या कुळाचा मूळपुरुष ॲस्बेस्टॉस. खडकातून निघतो, पण सुतासारखा कातता येतो आणि जळत नाही. फिनलंडमधले कुंभार चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी तो मडक्यांच्या मातीत कालवत. युरोपात ही सॅलमँडर नावाच्या प्राण्याची लोकर असल्याची समजूत होती. हा तंतू डोंगरातून खणून काढतात, हे तेराव्या शतकात मार्को पोलोने सांगितलं. वाफेची इंजिनं आली तशी त्याला खरी मागणी आली. इंग्लंडमधल्या रॉचडेल या कापडगिरण्यांच्या गावात टर्नर बंधूंनी १८७९मध्ये यंत्रांवर ॲस्बेस्टॉस विणायला घेतला. पिंजणं, कातणं, विणणं, सगळं कापसासारखंच. म्हणून धूळही कापसासारखीच उडे.

मोटारीत हा तंतू ब्रेकच्या लायनिंगमधून शिरला. हर्बर्ट फ्रूड याने १८९७मध्ये सुरू केलेला फेरोडोचा धंदा पुढे टर्नर ॲण्ड न्यूवॉल या कंपनीत गेला आणि तिच्याच गोतावळ्यातली हिंदुस्थान फेरोडो घाटकोपरला उभी राहिली. शेजारच्या कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात १९४७पासून मोटारी तयार होत होत्या. सुरुवातीला परदेशातून आलेले सुटे भाग जुळवूनच. मुलुंडला ॲस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना त्याआधीपासून होता. ब्रेक, क्लचप्लेट, गास्केट, दोरी, कापड अशा अनेक रूपांत ॲस्बेस्टॉस गॅरेजांमध्ये पसरला.

धग अडली, पण तिची किंमत गाडीत बसणाऱ्याने मोजली नाही. रॉचडेलच्या टर्नर गिरणीत कातकाम करणारी नेली केर्शॉ १९२४मध्ये वारली. तिच्या फुप्फुसांत हे तंतू सापडले आणि त्या रोगाला लवकरच ॲस्बेस्टॉसिस हे नाव मिळालं. ब्रिटनने १९३१मध्ये कारखान्यांतल्या धुळीवर नियम घातले. घाटकोपरची यंत्रं सुरू झाली तेव्हा हे नियम दोन दशकांहून जुने होते, म्हणजे माहिती नव्हती अशी सबब चालणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून त्याच्या तब्येतीची नोंद किमान ४० वर्षं ठेवायचा आदेश दिला, तो जानेवारी १९९५मध्ये. त्यानंतर मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीत १८१ कामगार तपासले, त्यांपैकी ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. हा अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला.

आजच्या पट्टीचं घराणं वेगळं आहे. काचतंतू १९३०च्या दशकात अमेरिकेत कारखान्यात बनू लागला, सिरॅमिक तंतू त्याच्या मागोमाग आला. सोव्हिएत संघाने बेसाल्ट खडक सुमारे १४०० अंशांवर वितळवून त्याचा धागा काढायचं तंत्र विकसित केलं. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्या जातीच्या खडकाची आहे, त्याच जातीचा हा धागा. बाजारात 'टायटॅनियम' म्हणून मिळणाऱ्या पट्ट्या पुष्कळदा बेसाल्टच्याच असतात.

मात्र पट्टी हा एकमेव उपाय नव्हे. उष्णता पत्र्यातून, हवेतून आणि किरणांतून अशा तीन वाटांनी येते. पाइप आणि तळ यांच्यामध्ये दोन्हीकडे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोकळी जागा सोडून ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा बसवला तर किरणं परततात आणि मधली हवा उरलेली धग वाहून नेते. पेडल आणि केबल यांसाठी पाडलेली भोकं रबरी ग्रोमेटने बुजवली नाहीत, तर इंजिनाची गरम हवा सरळ आत येते. तळावर आतून उष्णतारोधक थर घालायचा तो या सगळ्यानंतर. फायबरग्लासच्या बॉडीला तर हे अंतर हवंच, कारण तिची राळ तापली की मऊ पडते. पट्टीला मुंबईचा पावसाळाही सोसत नाही: ती ओल धरून ठेवते आणि साधा लोखंडी पाइप आतल्या आत गंजतो.

भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर अजून पूर्ण बंदी नाही. तेव्हा जुनी फियाट किंवा जीप खोलताना करडी दोरी, पुठ्ठ्यासारखी शीट किंवा जुनं लायनिंग दिसलं, तर ते कोरडं खरवडू नका आणि कॉम्प्रेसरच्या हवेने झाडू नका. आधी भिजवा, तोंडावर चांगला मास्क लावा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. गॅरेजातल्या पोऱ्यालाही हे सांगा. झाडू त्याच्याच हातात असतो.