अंजनेरीची मंदिरे : पालन आणि संरक्षण

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या मार्गावर, अंजनेरी गडाच्या पायथ्याशी त्याच नावाचे एक लहान गाव आहे. गावाच्या परिसरात हिंदू व जैन अशा सोळा प्राचीन मंदिरांचा समूह असून तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. बहुतेक मंदिरे भग्न आहेत. तथापि त्यांवरील शिल्पकामावरून त्यांचा काळ स्थूलमानाने यादवांचा ठरतो. लोकस्मृतीने ती ‘गवळी राजांची’ म्हणून जतन केली. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरने हे गवळी राजे म्हणजे देवगिरीचे यादव, असा अर्थ लावला. या वास्तूंचा विचार आजवर मुख्यतः शिल्पाच्या अंगाने झाला आहे. परंतु अंजनेरी येथे मिळालेले लेख त्याच वास्तूंकडे पाहण्याची निराळी दृष्टी देतात, आणि ती प्रस्तुत प्रश्नाला अधिक उपकारक आहे.

यांपैकी एक शिलालेख येथील एका भग्न जैन मंदिरात आहे. त्याचा काळ शके १०६३, म्हणजे इ. स. ११४१-४२ असा आहे. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना त्याचा उपयोग केला होता. यादव कुळातील सेउणदेव याने आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरास नगरातील तीन दुकाने दिली. वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्याने लाहड व दशरथ या दोघांसह आणखी एक दुकान व एक घर दिले, असा त्याचा आशय आहे. दान सुवर्णाचे नाही, केवळ भूमीचेही नाही. ते बाजारातील चालत्या उत्पन्नाचे आहे. ज्या स्थळी आज लहानसे गाव दिसते, त्याचा उल्लेख लेखात नगर म्हणून येतो. दुकान चालले तर मंदिरात दिवा लागेल, अशी ही योजना होती.

ही प्रथा एकाकी नव्हती. अंजनेरीसच सापडलेले हरिश्चंद्रवंशीय भोगशक्तीचे ताम्रपट सुमारे सव्वाचारशे वर्षांनी प्राचीन आहेत. त्यांतील एका लेखावर कलचुरी संवत ४६१, म्हणजे आठव्या शतकाच्या आरंभीचा काळ आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते संपादून १९५५ मध्ये कलचुरी-चेदी काळाच्या अभिलेखसंग्रहात समाविष्ट केले. ताम्रपटांत उल्लेखिलेले भोगेश्वराचे देवालय जयपूर येथील होते. म्हणून त्याचा अंजनेरीच्या विद्यमान मंदिरांशी थेट संबंध जोडणे योग्य होणार नाही. मात्र त्यांतून या प्रदेशाची रीत कळते. राजाने देवास आठ गावे व काही कर लावून दिले. त्याच पटांवरील दुसऱ्या लेखात उद्ध्वस्त झालेले समगिरिपत्तन आसपासच्या पल्लिकांसह पुन्हा वसविल्याची नोंद आहे. तेथील व्यापाऱ्यांना जकातीची माफी दिली. निपुत्रिकाचे धन राजाने घेऊ नये, राजपुरुषांच्या निवासाचा व शिध्याचा भार नगरावर पडू नये, असे ठरविले. कन्येच्या विनयभंगास १०८ रूपक दंड लावला. आणि विवादाचा निर्णय नगरातील आठ किंवा सोळा वृद्धांवर सोपविला. एकाच राजाच्या शासनांत देवालयाची तरतूद आणि पेठेची घडी या दोन्ही गोष्टी यावयाच्या, यातच त्या काळच्या व्यवस्थेचे मर्म आहे.

दानपत्रांच्या अखेरीस भावी राजांना जी विनंती रूढ आहे, ती ‘पालना’ची आहे. संस्कृतात ‘पाल्’ आणि ‘रक्ष्’ हे अर्थाने निकटचे धातू होत. मराठीत मात्र त्यांच्या वाटा काहीशा विभागल्या. ‘रक्षण’ म्हणजे मुख्यतः अपायाचे निवारण. ‘पालना’त पोषणाचाही अंतर्भाव होतो, म्हणून ‘पालनपोषण’ हा जोडशब्द सहज रूढ झाला. दानपत्रास जे पालन अभिप्रेत होते, ते भिंतींचे नव्हे, तर त्यांना जगविणाऱ्या उत्पन्नाचे.

आधुनिक कायद्याची भाषा ‘संरक्षणा’ची आहे. १९०४ च्या व नंतर १९५८ च्या अधिनियमाने वास्तूची हानी करणे हा दंडनीय अपराध ठरविला. १९५८ मध्ये त्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होता. २०१० च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोन वर्षे व एक लाख रुपये इतकी वाढली. त्याच दुरुस्तीने संरक्षित सीमेपासून १०० मीटरांचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरांचे नियंत्रित ठरविले. या तरतुदींचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. निषेध नसता तर कोरीव दगड घरांच्या जोत्यांत जाण्यास विलंब लागला नसता. परंतु निषेध अपाय टाळतो, वास्तूस वृत्ती देत नाही. ज्यांच्याकडे पूर्वी मंदिराचे पालकत्व असे, त्या ग्रामवासीयांशी कायद्याची भेट प्रामुख्याने ‘करू नये’ या क्रियापदानेच होते. संरक्षित सूचीत मंदिरे आहेत. वत्सराजाचे दुकान आणि घर नाहीत.

२०१० च्या दुरुस्तीत प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी स्वतंत्र वारसा-उपविधी करण्याची तरतूद आहे. अंजनेरीच्या बाबतीत ते केवळ इमारतींच्या उंचीचे व अंतराचे कोष्टक ठरू नयेत. मंदिरातील लेख हा त्या परिसराचा जुना साक्षीदार आहे, आणि तो एकट्या देवळाची नव्हे, तर दुकाने, घर, व्यापारी व राजा या सर्वांची साक्ष देतो. भोवतालच्या भूमीत जुन्या पेठेच्या खुणांचा पद्धतशीर शोध घेणे आणि आजच्या गावाच्या उपजीविकेस वास्तूंच्या देखभालीत स्थान देणे, ही दोन कामे त्या साक्षीतूनच सुचतात. तसे झाले, तरच संरक्षणास पालनाचा अर्थ पुन्हा प्राप्त होईल. अन्यथा मंदिरांचे दगड टिकतील, पण ज्या व्यवस्थेने ते उभे ठेवले होते, ती शिलालेखाच्या अक्षरांतच राहील.